कुंडीतला वाफसा: घरातली झाडं जगवायची कशी आणि एकाची चार करायची कशी

शेतात चांगला पाऊस झाला म्हणून दुसऱ्याच दिवशी कुणी औत घालत नाही. आधी माती चिखल असते. मग पाणी खाली उतरतं, कणांभोवती ओल तेवढी उरते आणि कणांमधल्या पोकळ्यांत हवा शिरते. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचलं की तो भुगभुगीत फुटतो. शेतकरी म्हणतो, वाफसा आला. घरातल्या कुंड्यांची निगा असो की कलमं, मला जे सांगायचं आहे ते सगळं याच शब्दाभोवती फिरतं. मुळांना पाणी हवं असतं, आणि तितकीच हवाही.

घरातली झाडं तहानेने फार कमी मरतात. बहुतेक गुदमरून जातात. मुळं श्वास घेतात, म्हणजे ऑक्सिजन वापरून साखर जाळतात आणि त्या ऊर्जेवर क्षार आत ओढून घेतात, नवी टोकं वाढवतात. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन पोचेनासा होतो, कारण हवेच्या मानाने पाण्यातून तो सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. काही दिवस हे असंच चाललं की मुळांची टोकं मरतात आणि पिथियमसारखे मूळकुज करणारे जीव त्यांचा ताबा घेतात. मुळं गेली की पाणी वर चढत नाही, पानं मलूल होतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून तो आणखी एक मग पाणी ओततो. माझी पहिली तीन-चार झाडं अशाच मायेने गेली, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतोय.

## आधी उजेड, मग पाणी

पाणी किती द्यायचं हे उजेडावर ठरतं, म्हणून सुरुवात खिडकीपासून करायची. उजेडाच्या बाबतीत आपले डोळे विश्वासाचे नाहीत. उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारी उघड्यावर तो साधारण १,००,००० लक्स असतो, तर दिवे लावलेल्या खोलीत १०० ते ३०० लक्स. तरीही ती खोली आपल्याला लख्ख वाटते, कारण आपले डोळे कमी उजेडाशी जुळवून घेतात. झाडाला ती सोय नाही. खिडकीपासून दोन मीटर आत आलं तरी त्याच्या वाट्याचा उजेड कितीतरी पटींनी घटलेला असतो.

मोजायची सोपी रीत अशी. दुपारच्या वेळी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वर वीतभर हात धरा. बोटं वेगळी दिसतील इतकी काटेकोर सावली पडली तर उजेड भरपूर. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट आहेत, तर मध्यम. सावली जेमतेम जाणवते, तर कमी. भरपूर उजेडात कोरफड, जेड, क्रोटन, रबर प्लांट रमतात. मध्यम उजेडात मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, स्पायडर प्लांट छान चालतात. कमी उजेडात तग धरणारी म्हणजे स्नेक प्लांट, झीझी आणि अ‍ॅग्लोनेमा. इथे तग धरणं हा शब्द मी मुद्दाम वापरला. तीही अंधारात वाढत नाहीत, साठवलेल्या पुंजीवर दिवस काढतात.

झाड हवा शुद्ध करेल या आशेने ते झोपायच्या खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवणारे बरेच भेटतात. ही समजूत १९८९ साली नासाने केलेल्या प्रयोगांतून पसरली. पण ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांमध्ये झाले होते. दारं-खिडक्या असलेल्या घरात हवेची ये-जा इतकी असते की चार कुंड्यांनी फरक पडत नाही. झाड खिडकीजवळच राहू द्या.

खिडकी पूर्वेची असेल तर उत्तम, कारण सकाळचं कोवळं ऊन जवळजवळ सगळ्यांनाच मानवतं. पश्चिमेच्या उन्हाला एक पातळ पडदा लावावा. आतलं झाड उन्हात न्यायचं असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू सरकवा. सावलीत तयार झालेली पानं एकदम उन्हात गेली की त्यांच्यावर पांढुरके, कागदासारखे डाग पडतात आणि ते डाग पुन्हा हिरवे होत नाहीत.

## कुंडी आणि माती

कुंडीच्या तळाला भोक हवंच. यात तडजोड नाही. आवडलेल्या भांड्याला भोक नसेल तर झाड साध्या प्लास्टिकच्या कुंडीत लावा आणि ती त्या भांड्यात ठेवा. पाणी देताना बाहेर काढा, निथळलं की परत आत.

तळाला खडे किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. प्रत्यक्षात उलट होतं. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण तुडुंब झाल्याशिवाय ते खाली टपकतच नाही. त्यामुळे जो ओला थर कुंडीच्या अगदी तळाशी राहिला असता तो खड्यांच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा किंवा खापर ठेवा, माती वाहून जाणार नाही. तेवढं पुरे.

मातीचं म्हणाल तर बागेतली माती कुंडीत नुसती भरू नका. जमिनीत तिला गांडुळं आणि खोल मुळं भुसभुशीत ठेवतात. कुंडीत मात्र दर पाण्याबरोबर ती घट्ट बसत जाते. पानांच्या झाडांसाठी मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग परलाइट (खनिज तापवून फुलवलेले हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू आणि एक भाग गांडूळखत घेतो. कोकोपीट आधी पाण्यात भिजवून दोनदा पिळून घ्या, त्यात बऱ्याचदा मीठ असतं. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन अशा, झाडांवर चढणाऱ्या वेलींच्या मिश्रणात मूठ-दोन मूठ सालीचे तुकडे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे घातले तर मुळं विशेष खूश असतात. कोरफड, जेड, स्नेक प्लांट यांच्यासाठी निम्मं मिश्रण जाड वाळू किंवा परलाइटचं असावं.

कुंडी बदलायची वेळ झाड स्वतः सांगतं. तळाच्या भोकातून मुळं डोकावतात, पाणी घातल्याघातल्या खाली निघून जातं, किंवा मुळांचा गोळा कुंडीच्या आकारात वेटोळं घालून बसलेला दिसतो. नवी कुंडी व्यासाने तीन ते पाच सेंटिमीटरच मोठी घ्या. एकदम मोठ्या कुंडीत लावलं की जिथे मुळं पोचलेलीच नाहीत ती माती कित्येक दिवस ओली राहते, आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते. विकत आणलेल्या रोपाचा गोळा पुष्कळदा चिकट मातीचा असतो. तो तसाच नव्या मिश्रणात ठेवला तर आतला गाभा वेगळा आणि बाहेरची माती वेगळी राहते, एक ओला तर दुसरी कोरडी. बाहेरची चिकट माती हलक्या हाताने, जमेल तेवढी सोडवा. मात्र रोप आणल्याच्या दिवशीच हे करू नका. दोन-तीन आठवडे ते वेगळं ठेवा. तेवढ्यात जागा त्याच्या अंगवळणी पडते आणि सोबत आलेली कीडही दिसून येते.

## पाणी देण्याची रीत

‘आठवड्यातून दोनदा’ हा सल्ला विसरून जा. तेच झाड, तीच कुंडी, पण थंडीत आठवड्याभरातही सुकत नाही आणि उन्हाळ्यात तीन दिवसांत कोरडं पडतं. वाराने पाणी देऊ नये, माती बघून द्यावं.

मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. पानांच्या झाडांना तिथे कोरडं लागलं की पाणी. पीस लिली आणि फर्न यांना वरचा सेंटिमीटरभर थर सुकला की द्यावं. स्नेक प्लांट, झीझी, जेड आणि कोरफड यांची माती मात्र तळापर्यंत कोरडी होऊ द्या. मोठ्या कुंडीत बोट पुरत नाही, तिथे लाकडी काडी खुपसून दहा मिनिटांनी काढून बघा. ओल असेल तर काडी गडद होते आणि तिला माती चिकटते. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे वजन. पाणी दिल्यावर कुंडी एकदा उचलून बघा आणि सुकल्यावर पुन्हा उचला. महिनाभरात हात शिकतो.

द्यायचं तेव्हा मात्र भरभरून द्या, तळातून पाणी वाहीपर्यंत. घोट-घोट दिलेलं पाणी वरच्याच थरात राहतं, मुळंही वरच राहतात. वाहून आलेलं पाणी सोबत साठलेले क्षार घेऊन जातं, आणि पाणी खाली उतरताना त्याच्यामागून ताजी हवा पोकळ्यांत ओढली जाते. म्हणजे नीट दिलेलं पाणी मुळांना हवाही देतं. बशीत साठलेलं पाणी पंधरा-वीस मिनिटांनी ओतून टाका.

माती फारच वाळली तर ती कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ निघून जातं. बशी भरते, गोळा कोरडाच. अशा वेळी कुंडी बादलीत अर्धी बुडेल इतक्या पाण्यात अर्धा तास ठेवा.

खताबद्दल थोडक्यात. झाड नवी पानं काढत असेल तेव्हाच, तीन-चार आठवड्यांतून एकदा, पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्म्या ताकदीचं द्रवरूप खत ओल्या मातीत द्या. मातीवर पांढरी खपली धरली की खत जास्त होतंय. पानांवर पाणी फवारून खोलीतली आर्द्रता वाढत नाही, काही मिनिटांत ती होती तिथेच येते. झाडं एकमेकांजवळ ठेवली तर थोडा फरक पडतो. त्यापेक्षा ओल्या फडक्याने पानं पुसा. धूळ निघते, उजेड आत पोचतो, आणि पानाच्या मागची कीड वेळेत नजरेस पडते.

## झाड आजारी पडलं तर

सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं पडणं हे म्हातारपण आहे, ते सोडून द्या. एकाच वेळी अनेक पानं पिवळी आणि माती ओली, तर मुळांकडे बघा. कांड्या लांब, पानं लहान आणि विरळ, तर उजेड कमी. फक्त टोकं तपकिरी, तर क्षार साठलेत किंवा हवा फार कोरडी आहे.

पानं मलूल आणि माती मात्र ओली, ही जोडी दिसली की थांबू नका. झाड कुंडीतून काढा आणि मुळं वाहत्या पाण्यात धुवा. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट आणि कडक असतं. कुजलेलं तपकिरी, लिबलिबीत असतं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून येते आणि आत दोऱ्यासारखा धागा उरतो. असं सगळं स्वच्छ कात्रीने कापून टाका. जितकी मुळं गेली त्या मानाने वरची पानंही कमी करा. मग उरलेल्या मुळांना पुरेल इतक्याच लहान कुंडीत, नव्या मिश्रणात लावा. नवी पालवी फुटेपर्यंत खत नको. आणि हे करताना दोन-चार चांगल्या फांद्या कलमासाठी काढून ठेवा. मूळ झाड वाचलं नाही तरी त्याचा वंश राहतो.

किडींमध्ये घरात सर्वाधिक त्रास पिठ्या ढेकणाचा. पानाच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका दिसतो. थोडे असतील तर कापसाच्या काडीला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकेक टिपून घ्या. जास्त असतील तर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा, पानांच्या पाठीवर आणि बेचक्यांत आवर्जून. आधी एका पानावर करून बघा, एक दिवस थांबा. अंडी एका फवारणीत जात नाहीत, म्हणून दर आठवड्याला असं निदान तीन वेळा करावं लागतं. पानावर बारीक फिकट ठिपके आणि पाठीमागे जाळं दिसलं तर तो लाल कोळी. कोरड्या, उष्ण हवेत वाढतो. आधी पानं दोन्ही बाजूंनी पाण्याच्या धारेने धुवा. कुंडीवर घोंघावणारी बारीक काळी चिलटं सांगतात की माती सतत ओली आहे. त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या थरात वाढतात, तो थर सुकू दिला की त्यांची पिढी तुटते.

घरात लहान मूल किंवा मांजर-कुत्रा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मनी प्लांट, मॉन्स्टेरा, डिफेनबेकिया, पीस लिली, झीझी या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. ही झाडं उंचावर ठेवा, आणि कलमं करून झाल्यावर हात धुवा.

## नवं झाड येतं कुठून

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. कापलेल्या फांदीला मुळं फुटतात, हे मी शेकडो वेळा पाहिलं असेल. तरी बाटलीत पहिलं पांढरं टोक दिसलं की आजही कामं बाजूला ठेवून बघत बसतो.

उसाच्या कांडीवर पेरापाशी डोळा असतो, तसाच तो बहुतेक घरगुती झाडांवर असतो. पान जिथे खोडाला चिकटतं तिथे हे पेर आणि बेचक्यात निजलेला डोळा. नवा फुटवा इथूनच येतो, आणि मुळंही बहुधा इथेच लवकर फुटतात. कोवळ्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खोडातून खाली उतरतं. फांदी कापली की त्याचा पुढचा रस्ता बंद होतो, ते कापाच्या जागी साठतं आणि तिथल्या पेशींना मुळं बनवायला लावतं. म्हणूनच उलटी खोचलेली फांदी सहसा रुजत नाही. ऑक्सिनला वर कुठलं आणि खाली कुठलं हे ठाऊक असतं. बाजारात मिळणारी रूटिंग पावडर म्हणजे बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल, याच ऑक्सिनचा भाऊबंद.

बिनमुळाच्या फांदीपुढे प्रश्न एकच. पानांतून पाणी उडतंय आणि भरून येत नाही. म्हणून कलमाच्या सगळ्या रीती दोनच गोष्टी करतात. पाण्याचं उडून जाणं कमी करतात, आणि कापाच्या जागी ओल व हवा दोन्ही ठेवतात. पुन्हा वाफसाच.

कात्री किंवा ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या. धार अशी हवी की खोड चिरडणार नाही. झाडाला आदल्या दिवशी पाणी दिलेलं असावं. हवा उबदार, साधारण २० ते २७ अंश सेल्सिअस असली की मुळं लवकर धरतात. थंडीत तेच कलम महिना-दीड महिना नुसतं उभं राहतं.

## पाण्यात: मनी प्लांटपासून सुरुवात

मनी प्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा, आणि त्याची एक गंमत कलमांशीच जोडलेली आहे. हे झाड जवळजवळ कधीच फुलत नाही. फूल यायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याला नीट बनवता येत नाही, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं. फूल नाही म्हणजे बी नाही. म्हणजे घराघरांतले मनी प्लांट हे कलमाचं कलम, त्याचं कलम असेच आलेले आहेत. तुमच्या कात्रीखालचा तुकडाही त्याच साखळीतला.

वेल हातात घेऊन पेरं बघा. प्रत्येक पेरापाशी तपकिरी टोक असतं, ते हवेतलं मूळ. त्या पेराच्या सेंटिमीटरभर खाली कापा. एका तुकड्यावर दोन किंवा तीन पेरं आणि दोन पानं पुरेत. सगळ्यात खालचं पान काढून टाका, म्हणजे ते पाण्यात बुडून सडणार नाही. पेर नसलेलं नुसतं पान पाण्यात ठेवलं तर त्याला कधी मुळं येतात आणि ते महिनोन्‌महिने हिरवंही राहतं, पण डोळा नसल्यामुळे त्याचं झाड होत नाही. मी एकदा वर्षभर वाट पाहिली होती.

बाटली शक्यतो रंगीत काचेची घ्या, म्हणजे शेवाळ कमी धरतं. खालचं पेर पाण्यात, पानं बाहेर. जागा उजेडाची, पण थेट उन्हाची नाही. चार-पाच दिवसांनी पाणी बदला, कारण साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो. उबदार हवेत एक-दोन आठवड्यांत मुळं दिसतात. ती चार-पाच सेंटिमीटर झाली आणि त्यांना उपमुळं फुटू लागली की मातीत लावायची वेळ झाली. आणखी वाट पाहू नका. पाण्यात वाढलेली मुळं नाजूक असतात, मातीतल्या मुळांसारखी केसमुळं त्यांना फारशी नसतात. जितकी लांब वाढतील तितकं मातीत रुळणं अवघड. लावल्यावर पहिले दहा-बारा दिवस माती नेहमीपेक्षा थोडी ओलसर ठेवा आणि मग हळूहळू नेहमीच्या चालीवर आणा. भरगच्च कुंडी हवी तर एका कुंडीत पाच-सहा कलमं लावा. एकच वेल कितीही वर्षं वाढली तरी आपोआप झुडूप होत नाही.

सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, ट्रॅडेस्कॅन्शिया, कोलियस हेही असेच. कोलियस तर आठवड्याभरात मुळं दाखवतं. मूल पहिल्यांदा कलम करणार असेल तर त्याला हेच द्या.

## थेट मातीत छाटकलम

क्रोटन, रबर प्लांट, ड्रॅसिना, जेड यांना मी मातीतच लावतो. अर्धं कोकोपीट, अर्धं परलाइट, खत अजिबात नाही. मुळं नसलेल्या फांदीला खत नको असतं, उलट ते कापाला जाळतं.

शेंड्याकडची दहा ते बारा सेंटिमीटर फांदी पेराच्या लगेच खाली कापा. खालच्या निम्म्या भागातली पानं काढा. उरलेली फार मोठी असतील तर निम्मी कापा, रबराचं पान गुंडाळून रबर बँडने बांधा. रबर प्लांटचा पांढरा चीक धुऊन टाका आणि तो डोळ्यांना लागू देऊ नका, काहींच्या त्वचेलाही तो चुरचुरतो. जेडची फांदी सावलीत चार-पाच दिवस तशीच ठेवायची, काप वाळून बंद झाल्यावर लावायची. बाकीच्यांना असं सुकवायचं नाही. कापाला रूटिंग पावडर लावा आणि फांदी झटकून जास्तीची पाडा. मातीत आधी पेन्सिलीने भोक पाडा, नुसती खोचली तर पावडर वरच पुसली जाते. बाजूने दाबा, एकदा पाणी द्या, निथळू द्या. मग वर पारदर्शक पिशवी किंवा तळ कापलेली पारदर्शक बाटली घाला. रोज पाच मिनिटं ती काढून हवा खेळू द्या, नाहीतर बुरशी येते. जेडला हे आच्छादन लागत नाही, त्यात ते कुजतं.

तीन-चार आठवड्यांनी फांदी अगदी हलकेच ओढून बघा. धरून ठेवल्यासारखी वाटली की मुळं आली. नवं पान दिसलं म्हणून मुळं आली असं समजू नका, ते साठवलेल्या पुंजीवरही फुटतं. आच्छादन एकदम काढायचं नाही. आधी तासभर, मग अर्धा दिवस, असं आठवड्यात सवयीचं करा.

ड्रॅसिनाचं उघडं पडलेलं लांब खोड फेकू नका. त्याच्या आठ-दहा सेंटिमीटरच्या कांड्या करा आणि ओलसर मिश्रणात आडव्या, निम्म्या बुडतील अशा ठेवा. वरच्या अंगाला डोळे फुटतात.

पाम मात्र या वाटेला जात नाही. पामच्या खोडाला एकच शेंडा, तो कापला की ते खोड संपलं.

## पानापासून

स्नेक प्लांटचं पान सात ते दहा सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापा आणि प्रत्येक तुकड्याच्या खालच्या कडेला उलट्या ‘व्ही’ची खाच द्या. उलटसुलट कळतं, आणि मुळं फुटायला कडाही जास्त मिळते. दोन-तीन दिवस सुकवून दोन-तीन सेंटिमीटर खोल लावा. मुळांना एक-दोन महिने, मातीतून नवं टोक डोकावायला तीन महिने किंवा जास्तच. पिवळ्या काठाच्या जातीचं असं करू नका, कारण तो पिवळा काठ वेगळ्या पेशींच्या थरातून येतो आणि पानाच्या तुकड्यातून उगवलेलं रोप साधं हिरवंच निघतं. काठ टिकवायचा तर विभाजनच, म्हणजे मुळांसकट झाडाचे भाग वेगळे करणं, करावं लागतं.

झीझीचं एकेक पातं मातीत खोचलं तरी रुजतं. पण ते आधी खाली बटाट्यासारखा छोटा कंद बांधतं आणि मगच वर येतं. त्यात सहा महिने ते वर्ष जातं. उकरून बघायचा मोह आवरा. आफ्रिकन व्हायोलेटचं पान तीन-चार सेंटिमीटर देठासकट तिरकं कापून लावलं की दोन-तीन महिन्यांत देठापाशी पिल्लांचा झुबका येतो. कोरफडीचं पान मात्र लावू नका, ते जवळजवळ नेहमी कुजतं. तिच्या बुडाशी येणारी पिल्लंच वेगळी करा.

## विभाजन

पीस लिली, अ‍ॅग्लोनेमा, स्नेक प्लांट, झीझी, फर्न, कॅलॅथिया यांची रीत सगळ्यात सोपी. झाड काढा, मुळांचा गोळा हाताने उकला, जिथे उकलत नाही तिथे सुरीने कापा. प्रत्येक भागाला स्वतःची मुळं आणि निदान दोन-तीन पानं हवीत. लावा, पाणी द्या, आठवडाभर सावलीत ठेवा. स्पायडर प्लांट तर लांब दांडीवर पिल्लं लोंबकळत ठेवतं. शेजारी मातीची कुंडी ठेवून पिल्लू तिच्यावर टेकवा, तारेच्या आकड्याने दाबून धरा, आणि रुजलं की दांडी कापा.

## गुटी: उंच वाढलेल्या रबरासाठी

रबर प्लांट छताला टेकलं आहे, खालची पानं गळून खोड उघडं पडलं आहे. अशा झाडाला गुटी कलमासारखा उपाय नाही, कारण शेंडा मूळ झाडावरून पाणी पीत असतानाच त्याला मुळं फुटतात.

शेंड्यापासून तीस-चाळीस सेंटिमीटर खाली, पेन्सिलीइतकी किंवा थोडी जाड जागा निवडा. तिथली पानं काढा. पेराच्या लगेच खाली खोडाभोवती दोन गोल काप द्या, एकमेकांपासून दोन ते तीन सेंटिमीटर अंतरावर, आणि मधली साल अंगठीसारखी सोलून काढा. चीक पुसा. उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने पूर्ण खरवडा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. बहुतेक गुट्या इथेच फसतात.

यामागचं गणित सुंदर आहे. पाणी वर जातं ते लाकडातून, तो रस्ता आपण तोडलेलाच नाही. पानांनी बनवलेली साखर आणि शेंड्यातलं ऑक्सिन खाली येतात ते सालीकडच्या भागातून, आणि तिथे आता खिंडार आहे. सगळं वरच्या कडेशी येऊन अडतं आणि तिथेच मुळं फुटतात. म्हणून पावडर वरच्या कडेला लावायची.

स्फॅग्नम शेवाळ, म्हणजे पाणी धरून ठेवणारं मॉस, तासभर भिजवून घट्ट पिळा. पिळताना थेंब पडायचे थांबले पाहिजेत. त्याचा मूठभर गोळा कापाभोवती बसवा, वरून प्लास्टिक गुंडाळा, खाली-वर दोरीने आवळा, आणि त्यावर काळं कापड किंवा अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा, कारण मुळांना अंधार आवडतो. दहा-बारा दिवसांनी चाचपून बघा. गोळा हलका लागला तर वरची गाठ सैल करून थोडं पाणी घाला. ड्रॅसिना, मॉन्स्टेरा यांच्या खोडाची रचना वेगळी असल्यामुळे त्यांची साल सोलायची नाही. ड्रॅसिनाला खालून वर जाणारा तिरका काप एक तृतीयांश खोल द्या आणि तो मिटू नये म्हणून काडी अडकवा. मॉन्स्टेराला हवेतलं मूळ असतंच, त्याच्याभोवती शेवाळ बांधलं की काम झालं.

सहा ते आठ आठवड्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसतात. पहिली दोन-चार दिसताच कापू नका, सगळा गोळा मुळांनी विणला जाऊ द्या. मग गोळ्याच्या लगेच खाली कापा, प्लास्टिक काढा आणि शेवाळ न सोडवता तसाच कुंडीत लावा. पहिले दोन-तीन आठवडे उन्हापासून जपा.

मागे उरलेलं पानं नसलेलं बुंध्याचं खोड तसंच खिडकीशी राहू द्या. पानं नाहीत म्हणजे ते पाणीही फारसं पिणार नाही, तेव्हा माती पुरती सुकल्याशिवाय देऊ नका. शेंडा गेल्यामुळे वरून येणारं ऑक्सिन थांबलेलं असतं, आणि त्याने दाबून ठेवलेले खालचे डोळे जागे होतात. काही आठवड्यांत कापाच्या खालच्या दोन-तीन पेरांपाशी लालसर टोकं फुगतील. त्यांतले दोन धुमारे ठेवा.